आठ तारीख

बँकेतल्या मुलीनं कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला.
एनिडच्या खात्यातून दरमहा जाणाऱ्या रकमा.
"मिस्टर रॅम्सडेन, यातलं काय काय बंद करायचं?"
चाळीस वर्षं मासे साफ केलेला माणूस मी,
डोक्याकडून सुरुवात केली.

पोहण्याचा तलाव. बंद.
विणकामाचं मासिक. बंद.
मांजराचा विमा.
मांजर जाऊन तीन वर्षं झाली, एनिड,
निदान हे तरी बोलायचंस. बंद.

मग चार पौंड.
दर महिन्याच्या आठ तारखेला,
समोर एका कॅन्सर संस्थेचं नाव.
सुरुवात एकवीस वर्षांपूर्वी,
तेव्हा तिला साधा खोकलाही नव्हता.

हे चार माझ्या ओळखीचे होते.
म्हणजे जाताना पाठमोरे पाहिलेले,
मुक्काम ठाऊक नव्हता.
फ्लीटवूडच्या धक्क्यावरून आमच्या बोटी भंगारात गेल्या
त्या हिवाळ्यात मी घरी बसून होतो,
बँकेचं पत्रक दिव्याखाली धरून विचारलं होतं,
"हे चार कुठे जातात?"
ती बटाटे सोलत होती.
म्हणाली, "हप्ता आहे."

मला वाटलं, शिलाई मशीनचा.
पुढे वाटलं, लॉटरी असावी.
एका वाईट रात्री वाटलं, कुणी माणूस.
पुन्हा विचारलं नाही,
पण खोटं कशाला बोलू,
त्या चार पौंडांवरून मी एकदा ताट आपटलं.
कड उडाली.
अजून त्यातच जेवतो.

"खातेदार गेल्यावर हे आपोआप थांबतं,"
बँकेतली मुलगी म्हणाली,
"तुम्हाला काही करावं लागणार नाही."

बाहेर समुद्राचं वारं.
ट्रामच्या थांब्यावर बोटांवर मोजत बसलो.
एकवीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबर.
कॉनी थ्रेलफॉल!
पॅकिंगच्या ओळीत एनिडच्या डाव्या हाताला उभी राहायची,
मोठ्यानं हसायची, मला आवडायची नाही.
ती गेल्यावर तिचे रबरी हातमोजे एनिडनं घरी आणले,
आत शाईनं नाव लिहिलेले,
आणि फाटेपर्यंत वापरले.
पॅकिंगचा पगार व्हायचा सात तारखेला.
आठला हे चार जायचे,
भाड्याच्या आधी, कोळशाच्या आधी, माझ्या बिअरच्या आधी.

दोन ट्राम निघून गेल्या.

घरी येऊन फोन लावला.
पलीकडे कोवळा पोरगा, बोलणं ग्लासगोकडचं,
नाव रुआरी.
"किती द्यायला आवडेल, सर?"
चार.
"दहा जमतील का? दहांत पुष्कळ होतं."
तो बिचारा समोरचा कागद वाचत होता.
चार, म्हणालो.
"तुम्ही कर भरता का?"
आयुष्यभर.
"कुणाच्या स्मरणार्थ?"
जिभेवर एनिड होती.
तोंडातून आलं, कॉनी थ्रेलफॉल.
एकेक अक्षर करून सांगावं लागलं.
"तुमच्या कोण त्या?"
माझ्या कुणी नाही.

तो थोडा थांबला. मग म्हणाला,
"हे कधीही बंद करता येतं, सर. एक फोन पुरतो."
त्याच्या आवाजात दिलासा होता,
मी आभार मानले.
"तारीख कुठली? एक की पंधरा?"
आठ.
"आठ नाही आमच्याकडे."
एकवीस वर्षं होती, मी म्हणालो.
"आता नवी पद्धत आहे, सर."
त्याच्यामागे आणखी फोन वाजत होते,
बरेच फोन.
मग एक, म्हणालो. एक तारीख टाक.

काल पत्रक आलं.
दिव्याखाली धरलं.
वीज, पाणी, टीव्हीचा परवाना,
आणि सगळ्यांच्या वर चार.
कुठे जातात ते ठाऊक असून
मोठ्यानं विचारलं,
ती बटाटे सोलायची त्या बाजूला तोंड करून.